लागेल तेव्हा

तीनच उत्तरं चालतात इथे:
हो, नाही, आणि लागेल तेव्हा.
निळ्या पडद्यावर प्रश्नांची रांग, हजारांनी,
आणि अंबडच्या शेडमागून
रबरवाल्यांच्या बॉयलरचा वास.

आवाज हवा? नाही.
कॅमेरा? नाही.
ब्लूटूथ? पुलाखाली ते बोलणार कुणाशी.
जॉयस्टिक?
तीस वर्षांपूर्वी कुलूप लागलेल्या कुठल्याशा कारखान्याची टेप ड्राइव्ह
अजून येऊन विचारते, मला घेतेस?
नाही गं बाई.

आठ मेगाबाइटच्या खोलीत संसार मांडायचा होता.
डबा भाकरीच्या डब्याएवढा,
होळकर पुलाच्या कठड्याला टांगायचा.
दर पाच मिनिटांनी तो गोदावरीला विचारणार,
किती आलीस?

प्रत्येक प्रश्नाखाली मदतीचा मजकूर असतो,
बहुतेकांची शेवटची ओळ एकच:
खात्री नसेल तर नाही म्हणा.
पहिल्यांदा वाचली तेव्हा खुर्ची मागे सरकवून
मी नुसती बसून राहिले.
सटाण्यात आमच्याकडे हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

काही होकार असे, की एकाला दार उघडावं
तर मागून त्याची सगळी भावकी आत,
विचारणं नाही, पुसणं नाही, थेट पंगतीत.
काही प्रश्न तर दिसतच नाहीत
वरच्या कुणाला तरी आधी हो म्हटल्याशिवाय.

कापत जा, खैरनार सर म्हणाले.
मी कापत गेले.
तरी थोडी जागा कमीच पडली,
तेव्हा बोलायची सोयच काढून टाकली.
जे होईल ते निमूट होऊ दे, म्हटलं,
सांगत कशाला बसायचं.
आणि जिथे हो म्हणवेना, नाही म्हणवेना,
तिथे तिसरं उत्तर.

मार्गशीर्षातली रात्र. पुलावर मी
आणि आमचा फिटर सायमन पगारे, कानटोपी घालून.
दिवा एकदा लागला. विझला.
केबल जोडली, पडदा कोरा.
मेलं की झोपलं, मॅडम? सायमननं विचारलं.
मलाही कळेना.
ज्याची वाचा मीच काढून घेतली
त्याला काय झालं म्हणून कुठल्या तोंडानं विचारू?

त्याच वेळी आईचा फोन. आठवड्यातला तिसरा.
डाव्या डोळ्यातलं धुकं वाढलंय, नाशिकला कधी नेतेस?
बघू गं, म्हटलं. पुलावर आहे.

दुसऱ्या दिवशी बाकीचं पोट आवळून त्याची वाचा परत दिली.
बिल्ड व्हायला सव्वीस मिनिटं.
पाथर्डी फाट्यावर दोन कटिंग, एक सायमनच्या हिशोबात.
रात्री पुन्हा पूल, पुन्हा केबल,
आणि तो बोलला. भराभर,
दोन दिवस तोंड दाबून ठेवलेल्या पोरासारखा,
आणि शेवटी एका ओळीशी येऊन थांबला:
मूळ सापडत नाही.

चिप वाचता येण्याचं कसब,
त्यालाच मी लागेल तेव्हा म्हणून ठेवलं होतं,
आणि ठेवलं होतं कुठे, तर त्याच चिपमध्ये.
किल्ली कपाटात, कपाट बंद.
सायमन हसला. मी पण हसले, जरा उशिरा.

तिथेच, कठड्यावर लॅपटॉप टेकवून
एक अक्षर बदललं.
बोटं गारठली होती, दोनदा चुकलं.
आता ते आतच राहील, अंगात,
मागून बोलवायची भानगड नाही.

घड्याळात पावणेबारा.
आई जागी असेल का, असं वाटलं,
डोळ्यात थेंब घालून उताणी पडली असेल.
फोन हातात धरून थोडी उभी राहिले.

खाली पात्रात, थोडं पुढे, दुतोंड्या मारुती,
पाऊल कोरडं, शेंदूर अंधारात काळा.
आमचा डबा उद्या बोलेल, आकड्यांत, दर पाच मिनिटांनी.
तरी पूर आला की गाव एकमेकांना फोन लावून
विचारणार ते हेच:
मारुतीच्या कुठवर?

सायमननं केबल गुंडाळली.
आई, मी बोलतेय. झोपली नव्हतीस ना?